स्कॅनर घेण्याआधी निगेटिव्ह मोजा

गुजरातमधल्या डभोईच्या रुळांवर १८६२ साली बैलांनी ओढलेली गाडी धावली. पुढे हे गाव बडोद्याच्या गायकवाडांच्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या छोट्या रेल्वेचं मोठं जंक्शन झालं. १७ जानेवारी २०२१ रोजी डभोईहून चांदोदमार्गे केवडियापर्यंत ब्रॉडगेजची वाहतूक सुरू झाली आणि छोट्या गाडीचा जमाना मागे पडला. डभोईच्या हिरा भागोळ या वेशीवरची शिल्पं १८८८ सालच्या बर्जेस आणि कझिन्स यांच्या ग्रंथात नोंदली गेली. छोट्या गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांची नोंद मात्र कुणी ठेवली असेल, तर ती घरच्या कॅमेऱ्याने. त्या निगेटिव्ह आज ट्रंकेत पडून आहेत.

त्या स्कॅन करायच्या, तर यातला बडोद्याचा धागा महत्त्वाचा आहे. मध्यमवर्गाच्या हातात पोचलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ बडोद्याच्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवला. १२० च्या एका रोलवर त्यात १२ चौकोनी फोटो निघत. असं प्रत्येक चित्र सुमारे ५६ मिलिमीटर लांब-रुंद असतं. ३५ मिलिमीटर रोलवरचं जेमतेम २४ बाय ३६. स्कॅनरची निवड या फरकावर ठरते.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. एप्सनच्या ‘व्ही६००’ स्कॅनरवर ६४०० डीपीआय असं छापलेलं असतं, पण स्वतंत्र चाचण्यांत प्रत्यक्ष तपशील सुमारे १५०० चाच मिळतो. तेवढ्यावर चौकोनी निगेटिव्हमधून ११ मेगापिक्सेल निघतात, म्हणजे ११ इंची स्वच्छ प्रिंट. ३५ मिलिमीटरमधून मात्र जेमतेम ३. महागड्या ‘व्ही८५०’मध्ये प्रत्यक्ष २३०० च्या आसपास तपशील मिळतो, ३५ मिलिमीटरचे रोल बरेच असतील, तरच तो खर्च सार्थकी लागतो. क्लिकचं भिंग अगदी साधं होतं. भिंगाने जे टिपलंच नाही, ते स्कॅनर कुठून आणणार?

दुकानात आधी झाकण उघडून बघावं. त्यात फिल्मसाठी वेगळा दिवा नसेल, तर ते यंत्र कागदापुरतंच. १२० चा होल्डर सोबत मिळतो का, हेही विचारावं. वाकलेली फिल्म थेट काचेवर ठेवली की तिच्यावर इंद्रधनुषी वलयं उमटतात.

धूळ पुसणारी ‘डिजिटल आइस’ सोय इन्फ्रारेड किरणांवर चालते. नेहमीच्या रंगीत निगेटिव्हवर ती उपयोगी पडते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ किंवा तशी कोणतीही पारंपरिक कृष्णधवल फिल्म असेल, तर ही सोय बंद ठेवावी. फिल्ममधली चांदीच ते किरण अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजतं. तिथे फुंकणी आणि मऊ ब्रश हेच खरे.

मूळ प्रत १६ बिटच्या टिफ फाइलमध्ये ठेवावी, वाटायला जेपेग करावी. दमट हवेत अॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आक्रसते. असे रोल आधी स्कॅन करावेत. आणि फाइलच्या नावात ‘०००१’ लिहून थांबू नये. साल, ठिकाण आणि माणसांची नावं तिथेच नोंदवावीत. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल. चेहरे ओळखणारी काकू तेव्हा असेलच असं नाही.