टीम गेली, जर्सी राहिली!

वाकडहून बालेवाडी दहा मिनिटांवर. ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे कधीच नाही! तिथंच २०१४ पासून आपली एफसी पुणे सिटी आयएसएल खेळायची. २०१९ मध्ये पैशांचं गणित बिघडलं, क्लब बंद पडला आणि लीगमधली जागा हैदराबाद एफसीला मिळाली. २०२२ मध्ये त्यांनी चषकही उचलला. आपण टीव्हीवर बघितला.

अमेरिकेत तर कॉलेजंच लीग बदलतात. त्यांच्या फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा पैसाच तेवढा मोठा. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची यूसीएलए शेजारच्यांना सोडून ‘बिग टेन’मध्ये गेली. त्या लीगमधलं एक कॉलेज थेट न्यू जर्सीत! फुटबॉलपायी व्हॉलीबॉलच्या मुलींचीही लीग बदलली.

शाळेत असताना घेतलेली नारिंगी जर्सी माझ्या कपाटात अजून आहे. भाऊ विचारतो, ‘ही कुठली टीम?’