गोड म्हणजे पोरकट नव्हे : क्रीम शेरी चाखायची कशी?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून घेतलेलं.

"ड्राय पितो तो दर्दी, गोड पितो तो नवशिका." हे वाक्य कुठल्या ना कुठल्या पार्टीत कानावर पडतंच. मग आवडत असूनही माणूस गोड वाईनला नाही म्हणतो. खरं तर प्रश्न गोडीचा नाहीच. गोडीच्या खाली काय आहे, हा प्रश्न आहे. क्रीम शेरीत हे फार छान कळतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. क्रीम शेरीत क्रीम नसतं, दूधही नसतं. आयरिश क्रीम लिकर वेगळं, ही वेगळी. शेरी म्हणजे स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियातल्या हेरेस परिसरात बनणारी, वरून द्राक्षाचं स्पिरिट घातलेली वाईन. 'क्रीम' हे नाव चिकटलं १९व्या शतकात, इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातल्या व्यापाऱ्यांमुळे. तिथे 'ब्रिस्टल मिल्क' नावाची गोड शेरी आधीपासून होती. तिच्याहून दाट ती 'क्रीम'.

आता ही बनते कशी? पाया असतो ओलोरोसो. पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षाची ही वाईन चक्क ड्राय असते. पिंपात हवेशी संबंध येत राहतो, म्हणून ती तपकिरी होते आणि अक्रोडासारखा वास धरते. तिच्यात बहुतेक वेळा पेद्रो हिमेनेस मिसळतात. ही द्राक्षं उन्हात मनुक्यांसारखी सुकवतात, म्हणून ती वाईन काकवीसारखी दाट आणि काळपट.

पिंपांची पद्धत म्हणजे सोलेरा. सगळ्यात जुन्या पिंपांतून थोडीच वाईन काढायची, ती जागा त्याहून तरुण पिंपांतल्या वाईनने भरायची, आणि सगळ्यात तरुण पिंपांत नवी वाईन घालायची. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कधीच बंद न करता केलेला अपडेट. जुनं पूर्ण जात नाही, नवं एकदम येत नाही.

चाखताना एवढं करा. बाटली थोडी गार हवी, साधारण १२-१३ अंश. एकदम बर्फगार केली तर वास दबतो. छोटा ग्लास, एक तृतीयांशच भरायचा. आधी वास घ्या: मनुका, खजूर, अक्रोड, चिक्कीचा करपट गूळ. मग छोटा घोट, दोन-तीन सेकंद जिभेवर फिरवायचा, आणि गिळायचा.

खरी परीक्षा आता सुरू होते. मनात दहापर्यंत मोजा. गोडी ओसरून मागे अक्रोडाचा कोरडेपणा आणि किंचित कडसरपणा उरला, तर खालचा ओलोरोसो दमदार आहे. नुसता साखरेचा चिकटपणा उरला, तर शेरी साधारण आहे. किंमत काहीही असो.

गंमत बघा. क्रीम शेरीत लिटरमागे ११५ ते १४० ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षा थोडी जास्तच. तरी चांगली शेरी सरबत वाटत नाही, कारण खाली तो कोरडा पाया असतो.

सोबत काय खायचं? खारे बदाम किंवा खारट, जुनं चीज. गुलाबजाम नको, त्याच्या पाकापुढे शेरी फिकी पडते. साधा नियम: पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड हवा.

आणि हो, गोड लागते म्हणून घटाघट पिऊ नका. अल्कोहोल साधारण १७-१८ टक्के, म्हणजे नेहमीच्या वाईनपेक्षा बरंच जास्त. ५० मिली पुरे. कायद्याचं वय झालं असेल तरच, आणि नंतर गाडी चालवायची नाही. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली की महिनाभर सहज टिकते.

तर पुढच्या वेळी कुणी "गोड? शी!" म्हणालं, तर वाद घालू नका. एक घोट द्या आणि दहापर्यंत मोजायला सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!