चौदाव्या मजल्यावरची मनी

तुमच्या घरी मांजर आहे का? असेल, तर त्याच्या लहरी तुम्हाला सांगायला नकोत. वाचायला घेतलेल्या वर्तमानपत्राच्या नेमके मधोमध बसायचे, मऊ गादी सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपायचे, पहाटे घरभर धावाधाव करून सर्वांना उठवायचे! नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघरच्या उंच इमारतींत राहणाऱ्या मांजरांची आणखी एक खोड दिसते. खिडकीत बसून ती बाहेरच्या कबुतरांकडे एकटक पाहत राहतात. शेपटीचे टोक हलत असते, जबडा थरथरतो आणि तोंडातून ‘कट्-कट्’ असा बारीक आवाज निघतो.

घरातली माणसे हे कौतुकाने पाहतात. आजीने काळजी केलीच, तर उत्तर ठरलेले असते, ‘‘अगं आजी, मांजर ते! पडले तरी चार पायांवरच पडणार.’’ हे उत्तर कितपत खरे आहे, ते पाहू या.

खिडकी नव्हे, मचाण

आपल्या पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील एक रानटी मांजर. माणूस शेती करून धान्य साठवू लागला. धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाशेजारी मांजराचाही सांगाडा सापडला आहे. इतकी जुनी ही सोबत! पण एवढ्या सहवासानंतरही मांजराची शिकाऱ्याची वृत्ती गेलेली नाही. उंच जागी दबा धरून बसायचे आणि क्षणात झेप घ्यायची, ही त्याची रीत. तुमच्या मनीला खिडकी म्हणजे मचाणच वाटते. झेप घेताना तिचे सारे लक्ष कबुतराकडे असते. खाली एक मजला आहे की चौदा, याचा हिशेब ती करीत नाही.

हवेतली कसरत

मांजर हवेत वळते, हे मात्र अगदी खरे. यात मौज अशी, की हवेत रेटा द्यायला त्याला कशाचाच आधार नसतो. मग ते वळते कसे? फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी १८९४ साली पडत्या मांजराची एकामागोमाग एक छायाचित्रे घेतली, तेव्हा या कोड्याचा उलगडा होऊ लागला.

मांजर आपले शरीर कमरेत वाकवते. पुढचे पाय जवळ घेते, मागचे पाय ताणते. पुढचा भाग आटोपशीर झाल्याने तो चटकन व पुष्कळ वळतो. मागचा भाग उलट दिशेने, पण थोडासाच वळतो. मग पुढचे पाय ताणून ते मागचे पाय जवळ घेते आणि मागचा भागही वळवून घेते. दोन्ही वळणांची वजाबाकी होऊन शेवटी पाय खाली येतात.

याचा थोडा अनुभव तुम्हालाही घेता येईल. फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसा. दोन्ही हात समोर ताठ धरा आणि जोराने डावीकडे न्या. खुर्ची थोडी उजवीकडे वळेल. आता हात छातीशी घ्या आणि मगच अंग सरळ करा. खुर्ची मागे येईल, पण पूर्ण नाही. हेच काही वेळा करा, म्हणजे कशालाही न टेकता तुम्ही बरेच वळाल. हा प्रयोग स्वतःवरच करायचा, मांजरावर कधीही नाही!

मांजराचा कणा फार लवचिक असतो. त्याच्या गळपट्टीची हाडे अगदी लहान असून ती इतर हाडांना जोडलेली नसतात. म्हणून जिथे त्याचे डोके जाते, तिथे बहुधा धडही जाते. खिडकीला ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हण आणि मजले

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा या भागात गावे, भातशेते आणि मिठागरे होती. अशा गावातल्या कौलारू घरावरून मांजर पडले, तर किती उंचीवरून पडणार? फार तर तीन मीटर. चार पायांवर पडण्याची समजूत अशा बैठ्या घरांना शोभणारी आहे. आता गणित करू.

हवेचा विरोध सोडून दिला, तर वेगाचा वर्ग = २ × ९.८ × उंची. तीन मीटरवरून पडताना जमिनीपाशी वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर येतो. १८ मीटरवरून, म्हणजे सुमारे सहा मजल्यांवरून, तो ताशी ६८ किलोमीटर होतो. पुढे हवेच्या विरोधामुळे वेग वाढेनासा होतो, पण तोवर तो ताशी शंभर किलोमीटरच्या जवळपास गेलेला असतो. पाय खाली आले, तरी हा धक्का सोसायचा कोणी?

यादीत कोण नाही?

न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली होती. त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार केलेल्या मांजरांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. शिवाय सात मजल्यांहून अधिक उंचीवरून पडलेल्या मांजरांना दुखापती कमीच दिसल्या! वेग स्थिर झाल्यावर मांजर अंग सैल सोडून पाय पसरत असावे, असे त्या पशुवैद्यांनी सुचवले.

पण थांबा. या यादीत कोण नाही, याचा विचार करा. जे मांजर जागीच मेले, त्याला दवाखान्यात कोण नेणार? ते मोजलेच गेले नाही. त्यामुळे ‘१०० पडली, त्यांतली ९० वाचली’ असा अर्थ या आकड्यातून काढता येत नाही. पुढे क्रोएशियातील झाग्रेब येथे ११९ मांजरांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सातव्या व त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांच्या दुखापती अधिक गंभीर आढळल्या. निम्म्याहून अधिक मांजरे एक वर्षाच्या आतली होती. कोणताही आकडा वाचताना ‘यात कोण मोजले गेले नाही?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. विज्ञानात ती फार उपयोगी पडते.

तुम्ही काय करावे?

मनीला खिडकीत बसू द्या. तिला बाहेर पाहायची हौस आहे आणि ती पुरवायला हवी. मात्र खिडकीला व गॅलरीला मजबूत जाळी बसवून घ्या. कबुतरांसाठी लावतात ती जाळी चालेल, पण ती कडेने सैल झालेली किंवा कुरतडलेली नाही ना, हे अधूनमधून तपासा. डासांच्या पातळ जाळीवर भिस्त ठेवू नका. रोज थोडा वेळ दोरीला चिंधी बांधून तिच्याशी खेळा, म्हणजे तिची शिकारीची हौस घरातच भागेल.

इतके करूनही मांजर पडलेच आणि उठून चालू लागले, तरी त्याला लगेच पशुवैद्याकडे न्या. छातीला व फुप्फुसांना लागलेला मार वरून दिसत नाही. मांजर तर दुखणे लपवण्यात पटाईत असते.

पायांवर पडण्याची विद्या मनीला उपजत मिळाली आहे. मजले मोजण्याची विद्या मात्र तुमच्याजवळ आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर आधी खिडकी पाहा.