काढलेल्या भागांची अनामत

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने बांधलेल्या २५० सीसी जावा गाडीची रचना इतकी निखळ आहे, की ६५ मिलिमीटर व्यासाचा आणि ७५ मिलिमीटर धावेचा तिचा एकुलता सिलिंडर, व्हॉल्व्हांचा संपूर्ण अभाव, आणि फिरवून उभा केला की किकचे काम करणारा तो गिअरचा दांडा पाहिल्यावर, पडवीत पाने-पक्कड घेऊन बसण्याचा मोह यंत्राची थोडीशी जाण असलेल्या कोणाही गृहस्थाला अनावर व्हावा. त्यातून नाशिकचे वास्तव्य! सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी या तीर्थक्षेत्री लेथ चालविणाऱ्यांच्या पिढ्या घडविल्या असल्याने, पडवीत जे साधत नाही ते शहराच्या वेशीवर साधते. परंतु ही सुलभताच घातक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण यंत्र हाताशी असले म्हणजे मूळ भागावर कानस चालविताना हात कचरत नाही, आणि ज्या कारखान्याला १९९६ साली टाळे लागले त्याच्या हातचा भाग पुन्हा घडणार नाही. म्हणून जो फेरफार उद्या पूर्ववत करता येईल तोच करावा, असा दंडक मी माझ्या गाडीपुरता घालून घेतला आहे.

विजेच्या बाबतीत हा दंडक पाळणे सोपे. ६ व्होल्टच्या गाडीत ३५ वॅटचा दिवा सुमारे ६ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि गंजलेल्या जोडांत त्यातला एक व्होल्ट जरी खर्ची पडला तरी प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. तेव्हा डायनॅमोला दोष देण्यापूर्वी दिव्याचे अर्थिंग फ्रेमच्या भरवशावर न ठेवता जाड तारेने थेट बॅटरीपर्यंत नेले, आणि पॉइंट जळणाऱ्या जुन्या रेग्युलेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच्याच झाकणाखाली बसविला. जुना डबीत जपून ठेवला आहे.

खरी कसोटी लागली ती क्लचकडच्या झाकणाशी. किकचा पोलादी दांडा जेथून बाहेर येतो ते ॲल्युमिनियमचे भोक वर्षानुवर्षांच्या घर्षणाने लंबवर्तुळ होते, दांडा डुलू लागतो, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली तेलाचा डाग उमटतो. यावर उपाय एकच : भोक मोठे करून आत गनमेटलचा बुश ठोकणे, आणि हा फेरफार मात्र परतीचा नव्हे. म्हणून भंगारातून दुसरे झाकण मिळवून लेथवर चढविले ते तेच. तांबे ८८, कथिल १० आणि जस्त २ हे या मिश्रधातूचे पारंपरिक प्रमाण. जुन्या नाशकातील तांबटांच्या धातूचाच हा एक सोयरा म्हणावयास हरकत नाही. बुश भोकापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटरने जाड ठेवावा लागतो, नाही तर तो दांड्याबरोबर फिरू लागेल. आणि थंड झाकणात तो हातोडीने बसवू गेल्यास ॲल्युमिनियम खरवडून निघते. येथे स्वयंपाकघर कामास येते. वीस मिलिमीटरचे भोक १०० अंशांनी तापविले तर सुमारे पाच शतांश मिलिमीटरने फुगते. म्हणून झाकण मंद आचेवर जाड तव्यावर ठेवावे, बुश फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आकसू द्यावा, आणि पाण्याचा थेंब झाकणावर टाकताच चर्र करून उडू लागला, की कापडी हातमोज्याने झाकण उचलून बुश अंगठ्याने आत लोटावा. तो विनाविरोध तळाशी जातो, आणि क्षणभरात झाकण त्याला असे धरते की पुन्हा हलवू म्हणता हलत नाही. या क्षणाचा आनंद मला कोणत्याही नव्या वस्तूच्या खरेदीत गवसलेला नाही. दाबामुळे बुशाचे आतले भोक केसभर लहान होते. ते निवल्यावर रीमर फिरवून दांड्याच्या मापाचे करावे, आधी करू नये.

कायद्याचीही वृत्ती या दंडकाशी जुळती आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते; आणि २०२१ च्या नियमांन्वये, पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंद हवी असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी, सांगाडा वा इंजिन यांत मूलगामी बदल झालेला नसावा, अशी अट आहे. माझे मूळ झाकण तेलाच्या फडक्यात, तारीख आणि तपशील लिहिलेल्या चिठ्ठीसह, अनामत म्हणून ठेवले आहे. गाडी ज्याच्या हाती जाईल त्याचा त्यावर हक्क आहे.

आवाजासाठी सायलेन्सरच्या आतली जाळी कापणाऱ्या तरुणांना मात्र मी परोपरीने परावृत्त करतो. टू-स्ट्रोक इंजिनात धुराच्या मागे उलटून येणारी दाबाची लाट सिलिंडरबाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण काही अंशी आत लोटते, आणि धुराचा मार्ग बदलला की ती वेळ चुकते. गाडी ओरडते अधिक, ओढते कमी. पेट्रोलमधील तेलाने जाळीवर काजळीचा थर धरला असेल, तर शेवटचा नट सोडून जाळी बाहेर काढावी, विस्तवावर लाल करून काजळी झटकावी आणि होती तशी परत बसवावी.