एका डोळ्याचा नट

चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, तिरकी नजर. लेफ्टनंट कोलंबो ज्याने एकदा पाहिला, तो त्याला सहसा विसरत नाही. ही भूमिका करणारा पीटर फॉक १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. तिसऱ्या वर्षीच कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला. त्या जागी काचेचा डोळा आला.

सरकारी कचेरीतील नोकरी सांभाळून तो हौशी नाटकांत कामे करी. तिशीच्या सुमारास नोकरी सोडून तो पूर्णवेळ नट झाला. कोलंबिया चित्रसंस्थेच्या हॅरी कोनने मात्र त्याला सरळ वाटेला लावले. तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो म्हणे! पुढे १९६० व १९६१ या लागोपाठ वर्षांतील भूमिकांसाठी फॉकला ऑस्करचे नामांकन मिळाले. कोनसाहेब ते पाहायला उरले नव्हते.

१९६८ साली कोलंबो आला. येथे खुनी कोण हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. खुनी श्रीमंत, हुशार; समोरचा पोलीस त्याला अगदीच बावळट वाटतो. पोलीस निरोप घेतो, दारापर्यंत जातो, आणि वळून आणखी एकच प्रश्न विचारतो! रेनकोट फॉकचा स्वतःचाच होता. नजरही. माझ्या मते ती नजर नसती, तर हा बावळटपणा इतका खरा वाटला नसता.

या भूमिकेने त्याला चार एमी पारितोषिके दिली. २००३ पर्यंत तो ती करीत राहिला. २०११ साली वारला. कोलंबोच्या डोळ्याविषयी मालिकेत वर्षानुवर्षे चकार शब्द नव्हता. १९९७ च्या एका भागात मात्र सोबत्याला घटनास्थळी नेताना तो सहज म्हणून जातो, की एकापेक्षा तीन डोळे बरे.