पारसिकच्या खाणी बुजवू नका

नवी मुंबईच्या पूर्वेला बेलापूरपर्यंत उतरत आलेली पारसिकची डोंगररांग पावसाळ्यानंतर लांबून एकसंध हिरवी दिसते. तुर्भे, शिरवणे, नेरूळच्या बाजूने झाडीत शिरलं, की मात्र मध्येच वाट तुटते आणि काळ्या कातळाची सरळसोट भिंत समोर येते. तिच्यावर वरून खाली गेलेल्या अर्धगोल पन्हळी दिसतात. सुरुंग ठासायला पाडलेल्या भोकांचा स्फोटानंतर मागे राहिलेला हा अर्धा भाग. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीकाठच्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं, त्या शहराला लागणारी खडी या डोंगराने पुरवली. साध्या एम-२० काँक्रीटचं प्रमाण १:१.५:३, म्हणजे एक घमेलं सिमेंटला तीन घमेली खडी. हिशेब त्यातच आला. शहराच्या उभारणीचा इतका ढळढळीत पुरावा दुसरीकडे कुठे नाही, म्हणून बंद पडलेल्या खाणींपैकी निवडक दोन-चार तरी आहेत तशा राखाव्यात.

खड्ड्यांचा कसला वारसा, असं कुणी म्हणेल. समोरच्या घारापुरीची लेणीही डोंगर कोरूनच झाली आणि तिथला दगडही याच दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे शिल्प आहे, इथे नाही, हे खरंच. पण शिल्प नसलं तरी इथे माणसांचे श्रम आहेत. सुतकी-पहारीने दगड फोडणारे वडार, खडीमशीनच्या धुळीत वाढलेली त्यांची पोरं, आणि जमीन गेल्यावर खाणीचा भाडेपट्टा मिळालेले प्रकल्पग्रस्त. शहराच्या इतिहासात या लोकांच्या वाट्याला एखादी ओळसुद्धा येत नाही.

डोंगराची जखम मिरवायची कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. खाणकामाने झाडी गेली, उतार कमकुवत झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राडारोडा ओतून खड्डा भरला म्हणून डोंगर परत येत नाही. सैल भराव खचतो, पावसात वाहतो आणि पाणी साठण्याची जागाही जाते. गुरुग्रामची जुनी खाणजमीन स्थानिक झाडं लावून अरवली जैवविविधता उद्यान झाली आणि २०२२मध्ये देशपातळीवर तिची दखल घेतली गेली. तिथे डोंगर पूर्ववत करण्याचा अट्टहास कुणी धरला नव्हता.

राहिला धोक्याचा मुद्दा, आणि तो टाळता येणार नाही. खाणीच्या पाण्याला काठचा उथळ उतार नसतो. पाऊल टाकलं की थेट खोल. पोहायला उतरलेली मुलं अशा डोहांत बुडतात. नुसत्या फलकाने हे थांबत नाही. पाण्याकडे जाणारी वाट कुंपणाने बंद करावी, चालायची वाट कड्यापासून आत, झाडीतून न्यावी, आणि सुट्टीच्या दिवशी, विशेषतः जून ते सप्टेंबर, तिथे पगारी रखवालदार असावा. हा खर्च खड्डा भरण्यापेक्षा जास्त आहे का, ते महापालिकेने एकदा आकडे मांडून सांगावं.