प्रदर्शन शंभर दिवसांचे, शहर बारा महिन्यांचे

दोन-तीन दिवसांची सवड काढून एखाद्या शहरात जावे, तिथले कलाप्रदर्शन पाहावे, स्थानिक चवीचे जेवावे आणि एखाद्या जुन्या घरात मुक्काम करावा, ही सुटीची कल्पना आता आपल्या मध्यमवर्गात चांगलीच रुजली आहे. तीर्थयात्रा आणि थंड हवेची ठिकाणे यांपेक्षा हा प्रवास निराळा. त्याचे अर्थकारणही निराळे. ते समजून घेण्यासाठी कोचीइतके बोलके उदाहरण देशात क्वचितच सापडेल. इतिहासाचा विद्यार्थी आणि निवृत्त प्रशासक अशा दोन्ही नात्यांनी मी या शहराकडे पाहत आलो आहे. त्यातून पडलेला प्रश्न साधा आहे: पाहुणा ज्या कारणासाठी येतो आणि जिथे पैसे खर्च करतो, त्या दोहोंत नाते कोणी जुळवायचे?

कोचीचा जन्मच एका आपत्तीतून झाला, असे परंपरा मानते. १३४१ मधील पेरियार नदीच्या महापुराने मुझिरिस या प्राचीन बंदराचा ऱ्हास झाला आणि दक्षिणेला कोचीचे मुख खुले झाले. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारला, १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. मिऱ्यांच्या व्यापाराभोवती ज्यू, गुजराती, तमिळ अशा अनेक समाजांनी मट्टनचेरीत घरे केली. पोर्तुगीज अमलाला कंटाळून गोव्याहून निघालेली कोंकणी कुटुंबेही येथेच स्थिरावली. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोंकणी विद्वानांचा वाटा होता. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात आजही पाहता येते.

विसाव्या शतकात समुद्रमुखावरचा गाळ उपसून विलिंग्डन बेटावर आधुनिक बंदर उभे राहिले आणि जुन्या किनाऱ्यावरच्या वखारींचे काम हळूहळू संपत गेले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पेढीचे ‘ॲस्पिनवॉल हाउस’ त्यांपैकीच एक. नारळाचे तेल, मिरी, आले, हळद यांच्या व्यापारासाठी बांधलेल्या या दालनांना १२ डिसेंबर २०१२ रोजी नवे काम मिळाले. त्या दिवशी कोची-मुझिरिस बिएनाले या, दर दोन वर्षांनी भरवायच्या, समकालीन कलाप्रदर्शनाचा प्रारंभ झाला. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे त्याचे दोन्ही संस्थापक केरळचे, पण कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतले. पुढे जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे आणि शुबिगी राव यांनी एकेका आवृत्तीचे संयोजन केले. सहावी आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळासाठी ठरली आणि तिचे संयोजन गोव्यातील कलावंत निखिल चोप्रा यांच्याकडे आले.

हे प्रदर्शन पाहायला केवळ कलारसिक येत नाहीत. रिक्षाचालक, शाळकरी मुले, शेजारच्या गल्लीतल्या आजीबाई यांना मी तिथे रेंगाळताना पाहिले आहे. २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी ॲस्पिनवॉलच्या एका दालनात गुडघ्यापर्यंत समुद्राचे पाणी भरले होते. पलीकडच्या भिंतीवरच्या, सीरियातील निर्वासितांच्या मृत्यूविषयीच्या ओळी वाचायच्या तर त्या पाण्यातून चालत जावे लागे. कलेच्या परिभाषेची ओळख नसलेली माणसेही तिथून गंभीर होऊन बाहेर पडत.

भोजनाचेही तसेच. २०१८ च्या आवृत्तीत ‘एडिबल आर्काइव्ह्ज’ या उपक्रमात देशी तांदळाचे दुर्मीळ वाण रोज शिजवून प्रेक्षकांना वाढले जात. ताट हीच कलाकृती होती. ऑगस्ट २०१८ च्या महापुराने केरळची शेते नुकतीच धुऊन नेली होती. त्या पार्श्वभूमीवर बियाण्याचा हा विषय कोणालाच परका वाटला नसणार. प्रदर्शनाच्या आवाराबाहेर तर हे शहर म्हणजे खाद्येतिहासाचे खुले दफ्तरच आहे. डचांच्या आठवणीचा ‘ब्रूडर’ हा गोडसर पाव, मट्टनचेरीची बिर्याणी, गुजराती गल्लीतला फरसाण, अप्पम आणि इष्टू, केळीच्या पानात भाजलेला करिमीन मासा. एका दिवसाच्या पायपिटीत चार शतकांचा व्यापार जिभेवर येतो.

मुक्काम बहुधा ‘होमस्टे’मध्ये असतो. केंद्राच्या योजनेनुसार होमस्टेमध्ये सहापेक्षा अधिक खोल्या भाड्याने देता येत नाहीत आणि यजमान कुटुंबाने त्याच घरात राहणे आवश्यक असते. या दोन अटींमागे दूरदृष्टी आहे. पर्यटनाचा पैसा घरात यावा, पण घर घरच राहावे, असा त्यांचा आशय. यजमान दुसरीकडे राहायला गेला आणि घरात केवळ किल्ली देणारा नोकर उरला, की तो होमस्टे न राहता निवासी नियमांच्या आडोशाने चालणारे हॉटेल होतो. अशा घरांची संख्या वाढली की भाडी चढतात, मासेमारी किंवा हमाली करणारी कुटुंबे वस्तीबाहेर ढकलली जातात. आणि पाहुणा जे शहर पाहायला आला, तेच विरू लागते.

आता पैशाचा प्रवाह पाहू. पाहुण्याच्या खर्चाचा मोठा भाग खोली, जेवण आणि वाहन यांवर होतो. २०१७ मध्ये राज्यांचा ऐषाराम कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. हॉटेलच्या खोलीवरचा कर आज केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. महापालिकेच्या वाट्याला त्यातले थेट काही येत नाही. मात्र पाहुण्याचा कचरा उचलणे, त्याला पाणी पुरवणे, तो ज्या गटारावरून चालतो ते झाकणे, ही सगळी कामे तिचीच. ज्या प्रदर्शनामुळे पाहुणा आला, त्या प्रदर्शनालाही खोल्यांच्या कमाईत वाटा नाही. ते राज्याच्या अनुदानावर, देणग्यांवर आणि तिकिटांवर चालते.

या विसंगतीची किंमत एकाच हंगामात दोनदा दिसली. डिसेंबर २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीचे उद्घाटन ऐन वेळी पुढे ढकलावे लागले. इमारती वेळेत हाती न येणे, पाऊस आणि निधीची चणचण ही कारणे चर्चेत राहिली. सहभागी कलावंतांनी खुले पत्र लिहून नाराजी जाहीर केली. पुढे २ मार्च २०२३ रोजी, प्रदर्शन चालू असतानाच, ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली आणि बारा दिवस ती धुमसत राहिली. मी त्या आठवड्यात एर्नाकुलमला होतो. लोक नाकाला मुखपट्टी लावून कामावर जात होते आणि फोर्ट कोचीच्या दालनांत जगभरातून आलेल्या कलाकृती मांडलेल्या होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने महापालिकेला १०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोष महापालिकेचा होताच. परंतु ज्या संस्थेकडे कर्तव्ये सोपवायची आणि उत्पन्न मात्र वरच्या दोन सरकारांनी ठेवायचे, ती अशीच कोलमडणार.

याच शहरात चांगल्या धोरणाचा नमुनाही आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली ‘वॉटर मेट्रो’ बेटांवरच्या रहिवाशांना रोज कामावर पोहोचवते; पाहुण्यालाही त्याच बोटीतून, त्याच तिकिटात खाडी ओलांडता येते. पर्यटनासाठी वेगळे काही बांधण्यापेक्षा रहिवाशांसाठी नीट बांधावे. त्यात पाहुण्याची सोय आपोआप होते.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांच्या भागीदारीने ५० पर्यटनस्थळे विकसित करण्याची आणि होमस्टेंना मुद्रा कर्जे देण्याची घोषणा झाली. तिची अंमलबजावणी करताना तीन गोष्टी साधता येतील. राज्याने निवास व्यवसायातून मिळणाऱ्या आपल्या करातला ठरावीक हिस्सा अनुदानरूपाने त्या-त्या महापालिकेला परत द्यावा आणि तो स्वच्छता, पाणी व पदपथ यांवरच खर्च व्हावा. मुद्रा कर्ज देताना यजमानाचे वास्तव्य प्रत्यक्ष तपासावे आणि नोंदणीकृत घरांची यादी प्रभागवार जाहीर करावी. बिएनालेसारख्या उपक्रमाला सार्वजनिक मालकीची एक इमारत दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने द्यावी, म्हणजे दर आवृत्तीला छप्पर शोधण्याची वेळ येणार नाही. त्या बदल्यात संस्थेने हिशेब जाहीर करावेत आणि कंत्राटदार व मजुरांची देणी ठरल्या मुदतीत चुकती करावीत.

यांतल्या एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. शासकीय आदेश आणि त्याचा पाठपुरावा पुरेसा आहे. प्रदर्शन संपल्यावर कलाकृती पेट्यांत बंद होऊन परततात आणि पाहुणे आपापल्या गावी जातात. मागे उरतात यजमान, कोळी आणि सफाई कामगार. पुढच्या डिसेंबरात त्यांचे शहर त्यांना परवडणारे असेल, तरच पाहुण्यालाही तिथे येण्यात अर्थ राहील.